गोठ्यात एक बाई जास्त

वाकोला, सांताक्रूझ (पूर्व)
१५ ऑक्टोबर १९८६

अक्का,

दसरा झाला आणि लगेच लिहायला बसले, म्हणजे तू उशिराबद्दल बोलायला नकोस. आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांची चारकोपची नोकरी चालू आहे. गिरणीत कापड होतं, इथे प्लॅस्टिकच्या बादल्या. घरी येतात ते त्याच वासाने, पण हसत येतात. संपानंतरची ती दोन वर्षं आठवली की मला हा वाससुद्धा चालतो.

आता कामाचं लिहिते. आमच्या चाळीमागे कौलारू घर आहे, तिथल्या कार्मिणबायबद्दल तुला मागे लिहिलं होतं. तिनेच मला मशीन शिकवलं. जन्मभर शाळेत मुलींना शिवण शिकवलं, लग्न केलं नाही, भाच्याला वाढवलं. आता काचबिंदूने तिची नजर पार गेली आहे. दिवसा खिडकी कुठे आहे एवढंच कळतं.

तिच्या घरी नाताळात ओट्याच्या भिंतीवर एक मोठी शिवलेली चौकट लागायची. त्यात त्यांच्या येशूच्या जन्माचा गोठा. तरुणपणी तिने स्वतः केलेला, मखमलीचे तुकडे लावून. अख्खी गल्ली बघायला यायची. परवा ऊन दाखवायला म्हणून मी तिची पेटी उघडली, तर वाट लागलेली. वाळवीने नुसता भुगा केला होता. मी झाकण लावायला गेले, पण तिने हात घातलाच. बोटांत भुगा घेऊन म्हणाली, "बरं झालं. नाहीतरी मला कुठे दिसत होता." आणि आत जाऊन बसली. त्या दिवशी जेवली नाही.

मला वाटतं, तिला हाताने बघता येईल असा गोठा करावा. आत कापूस भरून, जाड, उंच-सखल, बोट फिरवलं की गाय ती गाय कळली पाहिजे. मी मशीनवर करून बघितलं. एवढे थर सुईखाली जात नाहीत, दोन सुया मोडल्या. हे हाताचंच काम आहे, आणि गोधडीला तुझ्यासारखा हात आपल्यात कुणाचा नाही. गोठा तू करशील का? बाकीचं सगळं मी इथे करते.

तुझी
नलू

*

तळेवाडी, ता. कुडाळ
२४ ऑक्टोबर १९८६

नलू,

पत्र मिळालं. भात कापणीला आलं आहे आणि तू मला भिंतीवर टांगायची गोधडी सांगतेस. आपल्याकडे गोधडी अंगाखाली घालतात नाहीतर अंगावर घेतात. टांगलेली मी वाळत घातलेलीच बघितली आहे.

तुला स्पष्टच विचारते. तू त्यांच्या देवळात जातेस का? इथे लोकांना तोंडं आहेत. धोंडूकाका आत्ताच म्हणाला, "नलू मुंबईत किरिस्तावांत फार असते म्हणे." मी त्याला म्हटलं, "शेजारी आहेत, दुसरीकडे कुठे असणार?" पण तू मला काय ते सांग.

दुसरं म्हणजे, गेल्या वर्षापासून मी सुई हातात घेतलेली नाही. का ते तुला माहीत आहे. त्यावर लिहायचं नाही आणि तिचं नावही काढायचं नाही, हे आपलं ठरलं आहे.

तेव्हा माझ्याकडून होणार नाही. त्या बाईला माझा नमस्कार सांग. डोळे गेले म्हणजे फार वाईट.

एक मात्र सांगते. हाताला कळायला पाहिजे तर साधा कापूस घालू नकोस, दबून सपाट होतो. सावरीचा घाल. आणि सगळ्यालाच मखमल कशाला? गाय आणि गाढव हाताला सारखंच लागेल. गाढवाला गोणपाट लाव.

सीतारामरावांना आशीर्वाद.

जानकी

*

वाकोला
३१ ऑक्टोबर १९८६

अक्का,

गाढवाला गोणपाट! हे मी कार्मिणबायला वाचून दाखवलं तर ती खुर्चीत सरळ होऊन बसली. म्हणाली, "ही तुझी बहीण शिवणकाम करत नाही म्हणतेस?"

देवळात मी एकदाच गेले आहे, तिला हात धरून पोचवायला. बाहेरच्या बाकावर बसून तिची वाट बघितली. माझे गणपती, माझी तुळस, सगळं जागच्या जागी आहे. धोंडूकाकाला सांग.

तू नाही म्हणालीस तरी आपल्या वाडीतला दादू गावी निघाला आहे, त्याच्याबरोबर मी कापड पाठवते आहे. रागावलीस तर त्याच्याच हाती परत पाठव. निळी मखमल आहे, कार्मिणबायची एक जुनी तपकिरी साडी, पांढरं मांजरपाट. सावरीचा कापूस तुमच्याकडेच मिळेल.

गोष्ट अशी आहे. मेरी म्हणून एक बाई, पोटुशी. नवरा सुतार. सरकारी कामासाठी दोघांना परगावी जावं लागलं. तिथे गर्दी इतकी, की कुठेच जागा मिळेना. शेवटी कुणाच्या तरी गोठ्यात उतरले आणि तिथेच ती बाळंत झाली. बाळाला गव्हाणीत ठेवलं. गाय, गाढव, मेंढरं घेऊन आलेले धनगर आणि वर एक मोठा तारा. बस, एवढंच चौकटीत असतं.

तारा, घंटा, खिडकीची तोरणं आणि टेबलावरचं आच्छादन मी करते आहे. लाल कापडाच्या घंटा, आत कापूस, वरून टीप. एक झाडही करायचं आहे, टोकदार, खाली रुंद, वर निमुळतं, पानं सुईसारखी.

दिवाळीचा फराळ दादूकडे दिला आहे. चकल्या जरा कडक झाल्या आहेत, चहात बुडवून खा.

नलू

*

तळेवाडी
१० नोव्हेंबर १९८६

नलू,

चकल्या चांगल्या होत्या. कडक नव्हत्या. तू आईसारखी आधीच सांगून मोकळी होतेस.

तुझं ते झाड म्हणजे सुरू ना? मग सुरू म्हण की. समुद्रावर बघितलेलं झाड विसरलीस मुंबईत जाऊन.

कापड परत पाठवणार होते. दादू दोन दिवस राहिला, तेवढ्यात बाहेर काढून बघितलं. तपकिरी साडी चांगल्या सुताची आहे. मग म्हटलं, छप्पर तेवढं करून द्यावं. छपराला काथ्या लावला आहे, बारीक वळून. हात फिरवला तर गवतासारखा लागतो. गाय झाली. तिला वासरू नसलं तर ती गोठ्यात कशी उभी राहील, म्हणून वासरूही केलं. गाढव मी नीट बघितलेलं नाही. कान लांब केले आहेत.

पण नलू, ही गोष्ट मला पटत नाही. शिवताना डोक्यातून जात नाही. पोरीचं पहिलं बाळंतपण. सुईण कोण होती? नवरा सुतार म्हणतेस, मग त्याला एक बाज ठोकता आली नाही? ओल्या जमिनीवर बाळंतीण ठेवली? थंडीचे दिवस, शेगडी नाही, कान बांधलेले नाहीत. धनगर आले म्हणजे बाहेरचे पुरुष आत आले. असं कुणी येऊ देतं का?

आणि तिची आई कुठे होती?

हे त्या बाईला विचार. तिला माहीत असेल. वेळ लावू नकोस, मला पुढचं करता येत नाही.

अक्का

*

वाकोला
१८ नोव्हेंबर १९८६

अक्का,

तुझे प्रश्न जसेच्या तसे विचारले. कार्मिणबाय आधी हसली. सुताराला बाज ठोकता आली नाही का, यावर तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दसऱ्यानंतर पहिल्यांदा.

मग आईचं विचारलं. तिने पदराने डोळे पुसले. म्हणाली, "इतकी वर्षं मी पोरींना हा गोठा शिकवला. ताऱ्याला किती कोन काढू, देवदूताला पंख कसले लावू, सगळं विचारायच्या. आई कुठे आहे हे एकीनेही विचारलं नाही गं." तिच्या आईचं नाव अॅना, एवढं त्यांच्यात सांगतात. ती तिच्या गावी असणार. त्या वेळी ती काय करत होती, तिला कळलं होतं की नाही, हे कुठे लिहिलेलं नाही.

म्हणाली, "तुझ्या अक्काला सांग, गोठा आता तिचा आहे. तिला जे ठेवावंसं वाटेल ते ठेवू दे."

इथे माझं काम झकास चाललं आहे. तारा पूर्ण झाला. कार्मिणबाय रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन तपासते. बोट फिरवून सांगते, "इथे टाका सैल आहे, उसव." डोळे होते तेव्हासुद्धा इतकी कडक नव्हती! सुरूचं झाडही झालं. घंटांचे लोलक मण्यांचे केले आहेत, हलवलं की टिक् टिक् वाजतात. मुलं येताजाता हलवून जातात.

मला आणखी एक लिहायचं होतं, पण तू रागावशील. राहू दे.

नलू

*

वाकोला
६ डिसेंबर १९८६

अक्का,

तुझं पत्र नाही, गोठा नाही. दादूही इकडे फिरकला नाही. बरी आहेस ना?

तू का गप्प बसलीस ते मला कळलं आहे असं वाटतं, म्हणून आता मनातलं लिहूनच टाकते. दिवाळीच्या वेळी दादू आला तेव्हा त्याने सांगितलं, की कुडाळच्या बाजारात त्याला तुझी माणिक दिसली आणि तिला दिवस गेले आहेत. त्याने हेच तुलाही सांगितलं असणार. आणि मी नेमकी तुला बाळंतिणीचा गोठा शिवायला सांगत होते. तुला वाटलं असेल, नलूने डाव टाकला. अक्का, मी कापड बांधून ठेवलं होतं आणि नंतर दादू बोलला. शपथ घेऊन सांगते. मुद्दाम काही केलं नाही.

पण खरं तेही सांगते. ऐकल्यावर मी कापडाचं बांधलेलं गाठोडं परत सोडलं नाही.

माणिकने आपल्याला न सांगता लग्न केलं, परजातीत केलं, तुला दुखलं. मला मान्य. पण तिचा नवरा विद्याधर एसटीत कामाला आहे, वाईट मुलगा नाही असं दादू म्हणतो. त्याला आई नाही. त्या घरात बायकामाणूस कुणीच नाही गं.

झालं. आता तुला काय बोलायचं ते बोल.

इथे कार्मिणबायचा भाचा येऊन गेला. घर विकायचं ठरलं आहे, जागेवर इमारत होणार. जानेवारीत तो तिला वसईला आपल्याकडे नेईल. मुलगा प्रेमळ आहे, जबरदस्ती नाही. तीही हो म्हणाली. पण या ओट्यावरची ही शेवटची नाताळ. मी तिला गोठ्याचं काही बोलत नाही. तीही विचारत नाही. संध्याकाळी तारा मांडीवर घेऊन बसते, तेवढंच.

गोठा झाला नसला तरी चालेल. तू दोन ओळी टाक.

नलू

*

तळेवाडी
१४ डिसेंबर १९८६

नलू,

दादूबरोबर पुडकं पाठवते आहे. वाटेत भिजू देऊ नको म्हणून त्याला बजावलं आहे.

तू डाव टाकलास असं मला वाटलं होतं. दोन दिवस वाटलं. मग वाटेना. दादूने मला काही सांगितलेलं नाही, त्याची हिंमत नाही. मला आधीच माहीत होतं. श्रावणात कुडाळला गेले होते, एसटी स्टँडवर ती लांबून दिसली. चालण्यावरून कळलं. मी खांबाआड झाले. घरी येऊन कुणाशी बोलले नाही.

तुझं त्याआधीचं पत्र आलं, आई कुठे होती ते कुठे लिहिलेलं नाही म्हणून. ते वाचलं आणि मी बाज शिवायला घेतली. बाज झाली, बाळंतीण झाली, तिचे कान बांधले, खाली शेगडी ठेवली. बाळ तिच्या कुशीत दिलं, गव्हाणीत नाही ठेवलं. मग बघत बसले. सगळं होतं आणि तरी ती पोर एकटीच दिसत होती. मी सुई टोचून ठेवली आणि सकाळच्या गाडीने कुडाळला गेले.

घर विचारत विचारत गेले. दार माणिकनेच उघडलं. माझ्याकडे बघून तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "आये, कोण गेलां काय?"

नलू, तिला वाटलं, कुणी वारल्याशिवाय मी यायची नाही.

मी म्हटलं, "कोणी जावक नाय. तुका न्हेवक इलंय. पयलां बाळातपण म्हायेराक होवक व्हया."

ती तशीच दारात. म्हणाली, "तू माझ्याशी बोलणंस नाय मा?"

म्हटलं, "आता बोलतंय ता काय मगे?"

मग ती रडली. मी आत जाऊन तिची चूल बघितली. जरा वेळाने चहा केला, तिला दिला. घर स्वच्छ होतं. भिंतीला नवा चुना होता. तो ड्युटीवर गेला होता. शेजारणीकडे निरोप ठेवला आणि तिला घेऊन आले. तो दुसऱ्या दिवशी आला, तिचे कपडे आणि औषधाच्या गोळ्या अंगणातल्या खळ्याच्या कडेला ठेवून तिथूनच परत गेला. मी आत होते. बाहेर आले नाही. एका वेळी एकच जमतं मला.

वाडीत बोलणारे बोलतात. धोंडूकाका येऊन गेला. पोरीला बघून त्याने घरचा नारळ ठेवला.

म्हणून उशीर झाला. नंतरचं आम्ही दोघींनी मिळून पुरं केलं. धनगर माणिकने केले आहेत, त्यांना दाराबाहेरच ठेवलं आहे. तारा तू केलास, म्हणून आम्ही वर जागा मोकळी ठेवली.

गोठ्यात एक बाई जास्त झाली आहे. बाजेच्या उशाशी बसलेली. कार्मिणबायच्या धर्माला ते चालत नसेल तर काढून टाक. ती वेगळ्या दोऱ्याने नुसती टाचली आहे. एक टोक ओढलंस की सुटेल, खालच्या कापडाला भोक पडणार नाही.

तिला माझा नमस्कार सांग.

अक्का

*

वाकोला
२६ डिसेंबर १९८६

अक्का,

पत्र वाचून मी रडले. हे विचारायला लागले, काय झालं, तर मला सांगताच येईना. शेवटी पत्र त्यांच्या हातात दिलं. ते वाचून म्हणाले, "चला, एक संप मिटला."

आता इथलं सगळं सांगते. पुडकं वीस तारखेला आलं. मी कार्मिणबायला काही बोलले नाही. तिला ओट्यावर खुर्चीत बसवून ह्यांनी आणि तिच्या भाच्याने चौकट भिंतीला लावली, तिच्या हाताच्या उंचीवर. वर मी तारा टाचला. बाजूला घंटा, खिडकीला तोरणं, दाराशी सुरूचं झाड. मग मी तिचा हात धरून भिंतीशी नेलं आणि म्हटलं, "बघ."

तिने आधी छप्पर बघितलं. "हे काय? गवत?" म्हटलं, काथ्या. ती हसली. मग गाय. शिंगं, पाठ, शेपूट. खाली वासरू लागलं तर म्हणाली, "अरे, हिला वासरू आहे!" गोणपाट लागल्याबरोबर, मी काही बोलायच्या आत, "गाढव. पण याचे कान सशाचे आहेत." अक्का, ते मीही तुला सांगणार नव्हते.

मग बाज सापडली. चारी पाय तिने चाचपले. "बाज! ठोकली गं शेवटी सुताराने." मग तिचा हात बाळंतिणीच्या डोक्यावर गेला. कानावरून बांधलेला रुमाल लागला, हनुवटीखालची गाठ लागली. तिथे ती थांबली. खाली शेगडी लागली, तिच्यातले निखारे म्हणून तू मारलेल्या गाठी लागल्या. म्हणाली, "नलू, माझ्या आईने माझ्या मोठ्या बहिणीला असंच ठेवलं होतं. घरात ओव्याच्या धुरीचा वास असायचा." बाळावर तिने नुसतं एक बोट ठेवलं, झोपमोड होईल अशा बेताने.

मला वाटलं, आता झालं. पण तिचा हात उशाकडे सरकला आणि तिथली बसलेली बाई सापडली. तिने ती पुन्हा चाचपली. अंबाडा, खांदे, पुढे केलेला हात.

"ही कोण?"

मी म्हटलं, "तिची आई. तुला चालत नसेल तर अक्काने काढून टाकायला सांगितलं आहे. टाचलेली आहे नुसती."

ती हात तिथेच ठेवून उभी राहिली. भाचा जवळ आला तर त्याला खूण करून थांबवलं. मग म्हणाली, "आली म्हणायची."

एवढंच. मग मला सुई-दोरा आणायला सांगितला. मला वाटलं, गायीचं शेपूटबिपूट सुटलं असेल. तिने त्या बाईला तू घातलेला कच्चा टाका बोटाने शोधला आणि त्याच्यावरून पक्का टाका घातला. स्वतः. डोळे गेल्यापासून तिने सुई धरली नव्हती. ओवून मी दिली, बाकी सगळं तिने केलं. टाके वेडेवाकडे आहेत. ते तसेच राहणार.

नाताळच्या दिवशी गल्ली लोटली होती. कार्मिणबाय दाराशी बसून मुलांना सांगत होती, "डोळे मिटा आणि मग बघा." मुलं डोळे मिटून हात फिरवत होती, मागून मोठी माणसंही. त्यांचे फादर आले. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटून बघितलं. उशाशी पोचल्यावर त्यांनीही विचारलं, ही कोण. कार्मिणबाय म्हणाली, "बाळाची आजी." ते म्हणाले, "असणारच." मला ते आवडले.

चौकट वसईला जाणार आहे. भाच्याने तिच्या खोलीत पलंगाशेजारची भिंत मोकळी ठेवायची कबूल केली आहे. मी रडणार आहे ती गेली की, आत्ताच सांगून ठेवते.

माणिक कशी आहे? केव्हाही असेल ना आता? काहीही असो, लगेच कळव. त्यांच्या करंज्या म्हणजे नेवऱ्या आणि केक पाठवते आहे, सगळं कार्मिणबायने दिलंय. केकमध्ये अंडं आहे, तू खाऊ नकोस. माणिकला दे.

नलू

*

तळेवाडी
८ जानेवारी १९८७

नलू,

माणिकला मुलगी झाली. तीस तारखेला दुपारी. वेळ लागला, पण दोघी सुखरूप आहेत. सुईण आपली शेवंती होती आणि तालुक्याच्या नर्सबाईलाही आधीच बोलावून ठेवलं होतं. मी उशाशी होते. माणिकने माझं मनगट इतकं आवळलं, की अजून हिरवं-निळं आहे. शेगडी आहे, धुरी आहे, कान बांधले आहेत. माणिक म्हणते, उकडतं. उकडू दे.

पोर गोरी नाही, काळी नाही, नाक आपल्या बाबांचं आहे. रडते मात्र माझ्यासारखी, एकदा सुरू झाली की ऐकत नाही.

केक मी खाल्ला. थोडासा. माणिकला सांगितलेलं नाही.

गाढवाच्या कानांचं कळलं. कार्मिणबायला सांग, वसईला एखादं गाढव दिसलं तर नीट चाचपून मला कळव. तिच्या टाक्यांचं तू लिहिलंस, ते मी माणिकला दोनदा वाचून दाखवलं. कार्मिणबाय वसईला पोचली, की तिचा पत्ता पाठव. मी तिला आता सरळ लिहीन. वाचून दाखवणारं कुणी असेल ना तिथे?

आता शेवटचं. परवा तो आला. सुट्टी होती, युनिफॉर्म नव्हता, इस्त्रीचा शर्ट घातला होता. मागच्यासारखाच खळ्याच्या कडेला उभा राहिला. हातात बाळाचं झबलं, कागदात बांधलेलं. ते पायरीवर ठेवून निघायला लागला. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. वर न बघता म्हटलं, "चेडू तुझां. थयसून काय बघतंस? न्हाणयेर पाय धू आणि भितूर ये."

तो न्हाणीकडे गेला. पाण्याचा आवाज येत राहिला. मी तांदूळ निवडून संपवले, सूप भिंतीला लावलं, तरी पाण्याचा आवाज चालूच. उठून बघितलं, तर तो पाठमोरा उभा होता आणि धुतलेल्याच पायांवर पुन्हा पुन्हा पाणी ओतत होता. त्याचे खांदे हलत होते.

मी परत ओटीवर आले, जरा वेळ दिला. मग इथूनच दुसरी हाक मारली, "विद्याधर, ये रे."

अक्का